नो-कॉस्ट ईएमआयची सुरती पणजी

फ्रेंच जवाहिरा ताव्हेर्निये सतराव्या शतकात हिंदुस्थानात अनेकदा येऊन गेला. त्याच्या प्रवासवर्णनातल्या हिऱ्यांच्या खाणींवर वाचक तुटून पडतात. मला मात्र त्यातली हुंडीच्या भावांची यादी जास्त मोलाची वाटते. सुरतेत फेडायच्या हुंडीवर लाहोरला 6¼ टक्क्यांपर्यंत, आग्र्याला 4¼ ते 5, बऱ्हाणपूरला 2½ ते 3, अहमदाबादला 1 ते 1½ टक्का पडे. मुदत दोन महिन्यांची. आग्र्याच्या सराफाकडून पैसे उचलायचे, माल सुरतेकडे रवाना करायचा आणि मुदत भरली की सुरतेत हिशेब चुकता करायचा.

या टक्केवारीला मराठीत हुंडणावळ म्हणतात. आकडा एकच, पण त्याच्या पोटात तीन गोष्टी: दोन महिन्यांचं व्याज, अंतराचा मोबदला आणि जोखीम. जोखमीचं कारण ताव्हेर्नियेच देतो: वाटेत माल लुटला गेला तर पैसे देणाऱ्याचे पैसे बुडत, म्हणून भाव चढा.

आता आजच्या सुरतेत या. उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली हजारो मराठी कुटुंबं राहतात. तिथल्या मोबाइलच्या दुकानात क्रेडिट कार्ड मशीनला टेकवलं की माझ्या मते हुंडीच लिहिली जाते. पावती 10,000 ची निघते आणि दुकानदाराच्या खात्यात साधारण दोनेक टक्के कापून रक्कम जमा होते. या कापलेल्या रकमेला बँका मर्चंट डिस्काउंट रेट म्हणतात आणि तिचा मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. गिऱ्हाइकाला मिळणारे 45-50 बिनव्याजी दिवस, यंत्रणेचा खर्च, पैसे बुडण्याची भीती, सगळं त्या एका आकड्यात. ही हुंडणावळच आहे, फक्त आता ती दुकानदाराकडून वसूल होते.

क्रेडिट कार्डाचे रूढ इतिहास वेगळं सांगतात: अमेरिकन लेखक बेलामीच्या 1888च्या कादंबरीतलं कल्पनेतलं कार्ड, 1950 मध्ये डायनर्स क्लब, 1958 मध्ये बँक ऑफ अमेरिकाचं कार्ड, 1980 मध्ये आपल्याकडे सेंट्रल बँकेचं. डायनर्स क्लब सुरुवातीला हॉटेलवाल्यांकडून 7 टक्के कापत असे. लाहोरच्या 6¼ च्या किती जवळ!

यावर जाणकारांचा आक्षेप ठाऊक आहे. मूळ शोधायचंच तर इटलीच्या व्यापारी शहरांत शोधा, ते म्हणतील. चर्चने व्याजाला पाप ठरवलं म्हणून तिथल्या सावकारांनी ते विनिमयाच्या दरात लपवलं. सुरतेपासून क्रेडिट कार्डापर्यंत अशी थेट वंशावळ कागदावर मांडता येत नाही, हे मान्यच. पण इटलीत व्याज लपलं ते धाकापोटी. सुरतेत असा धाक नव्हता. ज्याची हवेली 1664 मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने लुटली, तो वीरजी व्होरा इंग्रजांना उघड व्याजाने कर्ज देत असे. तरीही हुंडीत एकच आकडा राहिला, कारण बाजाराला एकच आकडा सोयीचा होता. आजच्या बिनव्याजी हप्त्यांमागे, म्हणजे नो-कॉस्ट ईएमआयमागेही, पापाची भीती नाही, ही सोयच आहे. म्हणून स्वभावाने नो-कॉस्ट ईएमआय हे सुरतेचं लेकरू, असं मी ठामपणे म्हणतो.

दुसरा दावेदार सिंगर कंपनी. शिलाई मशीन हप्त्याने विकायची पद्धत तिने एकोणिसाव्या शतकात रुजवली. पण तिथे हप्त्याने घेणारा रोखीपेक्षा जास्त मोजायचा. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये व्याजाचा भार विकणारा उचलतो, आणि त्याचं मूळ सिंगरमध्ये सापडत नाही. ते सापडतं वटावात, म्हणजे विकणाऱ्याने सोडलेल्या सुटीत.

30,000 चा फोन घ्या, 5,000 चे सहा हप्ते. बँक 15 टक्के दराने व्याज लावते. त्या दराने सहा हप्त्यांची आजची किंमत भरते सुमारे 28,730. वरचे 1,270 फोनची कंपनी किंवा दुकानदार सूट म्हणून सोडतो आणि नेमके तेवढेच बँक व्याज म्हणून घेते. गिऱ्हाइकाला वाटतं, व्याज नाही. पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 229 रुपये, त्याच्याच बिलात येतो. प्रोसेसिंग फी असली तर तीही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्ये बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. त्यानंतर योजना बंद पडल्या नाहीत, सूट आणि व्याज वेगळं दाखवून चालू राहिल्या.

पणजी आणि पणतीत एक फरक मात्र मला खुपतो. सुरतेच्या कापड बाजारात रोख मोजणाऱ्याला वटाव मिळतो आणि उधारीचे दिवस वाढले की वटाव आटतो. मोबाइलच्या दुकानात उलटं होतं. ‘रोख देतो, ते 1,270 कमी करा’ म्हटलं की बहुधा उत्तर येतं, ‘स्कीम फक्त कार्डावर आहे, भाऊ.’ रोख देणारा पूर्ण 30,000 मोजतो.

आणि बँकेची खरी कमाई याही पलीकडे आहे. बिलातली फक्त किमान रक्कम भरून बाकी पुढे ढकलली, की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज सुरू होतं, नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. वर्षाचे होतात चाळीसच्या वर. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांवरचं असं व्याज अनुचित ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये तो निकाल रद्द केला. ताव्हेर्नियेच्या यादीत लाहोरचा सुरती भाव दोन महिन्यांना 6¼ पर्यंत. साडेतीनने दोन महिन्यांचे सात होतात, आणि इथे वाटेत माल लुटला जाण्याची जोखीमही नाही.