अस्सल बरहुकूम

माझ्याकडची इलेक्ट्रिक गिटार पाहून जाणकार माणूस तिचं साल १९६२ सांगेल. पिवळ्यातून लाल आणि लालातून काळा होत कडेला गेलेला रंग, शिसवी पट्टीवरचे मातकट ठिपके, पुढच्या बाजूचा हिरवट प्लास्टिकचा पत्रा, सगळं त्या सालच्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारखं आहे. प्रत्यक्षात १९६२ मधला एक स्क्रूही तिच्यात नाही. ती त्यानंतर तीसेक वर्षांनी जपानात तयार झाली. व्यापारात अशा वाद्याला 'रीइश्यू' म्हणतात. मी तिला सरळ नक्कल म्हणतो. त्यात कमीपणा आहे असं मला वाटत नाही, कारण ही नक्कल निघाली कशी हे पाहू लागल्यावर मूळ कशाला म्हणायचं हा प्रश्न जास्त अवघड होत गेला.

ज्याच्या नावाने हे वाद्य ओळखलं जातं त्या लिओ फेंडरला (१९०९–१९९१) गिटार वाजवता येत नव्हती. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ पासून त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वस्तू कुठे बिघडते आणि बिघडली की उघडायला किती त्रास होतो, हे त्याला रोजच्या कामातून ठाऊक होतं. तोवरच्या गिटारींची मान धडाला सरसाने चिकटवलेली असे. फेंडरने ती चार स्क्रूंनी बसवली. मान वाकली, फ्रेट झिजले, तर स्क्रू काढा आणि दुसरी मान लावा. १९५० मध्ये बाजारात आलेल्या त्याच्या गिटारचं 'ब्रॉडकास्टर' हे नाव ग्रेच कंपनीच्या ड्रमच्या नावाशी जुळत असल्यामुळे सोडावं लागलं आणि १९५१ मध्ये ती 'टेलिकास्टर' झाली. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. तिचा आकार कागदावर उतरवला तो हवाईत जन्मलेल्या फ्रेडी टवारेस या स्टील गिटारवादकाने. धडाच्या कडा बरगडीला टोचतात अशी बिल कार्सनसारख्या वादकांची तक्रार होती, म्हणून तिची पाठ आणि वरची कड उतरती केली गेली. किंमत होती २४९.५० डॉलर. यात कुणीही अभिजात काही घडवायला बसलेलं नव्हतं. रात्रभर नाचगाण्याच्या ठिकाणी वाजवणाऱ्याला टिकेल आणि दुरुस्त करता येईल असं अवजार हवं होतं, ते त्यांनी दिलं.

ते घडवणारे हात बरेचसे मेक्सिकन वंशाच्या कामगारांचे होते. टडेओ गोमेझ मान तासून झाली की तिच्या टोकाला पेन्सिलीने तारीख आणि आपली आद्याक्षरं लिहीत असे. अबिगेल इबारा १९५६ मध्ये कारखान्यात आली आणि पिकअपची वेटोळी गुंडाळू लागली. पिकअप म्हणजे लोहचुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. यंत्र फिरे, पण तार बोटांनी धरून सरकवावी लागे. त्यामुळे एका पिकअपचे वेढे दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नसत आणि आवाजही थोडा वेगळा येई. आज लिलावात ज्या गुणांचं कौतुक होतं त्यातले कित्येक गुण म्हणजे अशा बोटांच्या सवयी आहेत.

जानेवारी १९६५ मध्ये आजारपणाने त्रासलेल्या फेंडरने ही कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीला एक कोटी तीस लाख डॉलरला विकली. पुढच्या काही वर्षांत उत्पादन वाढलं, हेडस्टॉक मोठा झाला, रंगाचा थर जाड झाला, चार स्क्रूंच्या जागी स्ट्रॅटोकास्टरला तीन आले. सत्तरच्या दशकात वादकांची खात्री होत गेली की जुन्या गिटारी बऱ्या होत्या. गहाणवट्यांच्या दुकानांतून आणि घरांच्या माळ्यांवरून 'सीबीएसपूर्व' गिटारी शोधून काढणारे व्यापारी पुढे आले. एरिक क्लॅप्टनने १९७० मध्ये नॅशव्हिलमध्ये जुन्या स्ट्रॅटोकास्टर अगदी स्वस्तात घेतल्या, तीन मित्रांना दिल्या आणि उरलेल्या तिघींचे चांगले भाग जोडून स्वतःसाठी एक केली. काही वर्षांपूर्वी जी फक्त वापरलेली वस्तू होती, ती आता 'व्हिंटेज' झाली. द्राक्षांच्या सालाचा हा शब्द लाकडाला आणि तारेला लागला.

याच काळात जपानी कारखाने जुन्या अमेरिकन गिटारींच्या नकला करत होते, आणि त्या दिवसेंदिवस चांगल्या होत होत्या. मात्सुमोतो शहरातली फुजिजेन ही त्यांतली महत्त्वाची कंपनी. आयबानेझ आणि ग्रेको या नावांच्या गिटारी तिथे बनत. १९७७ मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने हेडस्टॉकच्या आकारावरून आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा लावला आणि पुढे तो तडजोडीने मिटला. फेंडरने वेगळा मार्ग धरला. १९८२ मध्ये जपानी व्यापाऱ्यांबरोबर भागीदारीत 'फेंडर जपान' स्थापन झाली. भागीदारांपैकी कांदा शोकाई हे ग्रेको या नावाचे मालक होते, आणि गिटारी बनवण्याचं काम गेलं फुजिजेनकडे. ज्यांनी नकला केल्या त्यांच्याच हाती अधिकृत शिक्का आला. 

त्याच वर्षी अमेरिकेतल्या कारखान्यानेही १९५२ ची टेलिकास्टर आणि १९५७ व १९६२ च्या स्ट्रॅटोकास्टर पुन्हा करायला घेतल्या. तेव्हा कंपनीच्या माणसांना जुन्या गिटारी विकणाऱ्या दुकानात जाऊन आपल्याच गिटारींची मापं घ्यावी लागली, छायाचित्रं काढावी लागली. घर आपलं, पण कोणती वस्तू कुठे होती हे शेजाऱ्याला विचारायची वेळ आली. सगळ्या हकिकतीतला हा भाग मला सर्वांत बोलका वाटतो. वीस वर्षांत कंपनी आपलंच काम विसरली होती, आणि ज्यांच्यावर चोरीचा शिक्का मारता आला असता त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं.

आपल्याकडे जुन्या दस्तऐवजाची प्रत करून खाली 'अस्सल बरहुकूम नक्कल' असा शेरा मारत. अस्सल एका ठिकाणी राही आणि काम नकलेवर चाले. पोथ्यांचंही तसंच होतं. ज्ञानेश्वरी पिढ्यान्‌पिढ्या पोचली ती नकला करणाऱ्यांच्या हातून. नकलांमध्ये पाठभेद शिरले तेव्हा एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून पाहून ती शुद्ध केली. नक्कल करणं हे परंपरेचं वजाबाकीचं खातं नव्हे, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

पण बरहुकूम म्हणजे नेमकं कुठल्या हुकुमाप्रमाणे? माझ्या गिटारचा तो हिरवट पत्रा पाहा. १९६२ मध्ये तो पांढरट असे. सेल्युलॉइडचा असल्यामुळे वर्षं गेली तसा हिरवट होत गेला. माझा पत्रा जन्मापासून हिरवट आहे. म्हणजे ही नक्कल १९६२ ची नाही. १९६२ साल नंतरच्या लोकांना जसं दिसलं, त्याची ती नक्कल आहे. शिवाय मूळ गिटारींचं धड बहुधा अल्डर लाकडाचं असे, माझ्या गिटारचं बासवुडचं आहे. मूळचा नायट्रोसेल्युलोजचा पातळ रंग तडकत, उडत जातो. माझ्या गिटारचा जाड रंग दगडासारखा बसून आहे. उलट जिथे चूक सुधारता आली असती तिथे मात्र निष्ठा कडक आहे. बोटांखालची पट्टी जुन्या मापाने बरीच गोलसर आहे, त्यामुळे वरच्या फ्रेटांवर पातळ तार ओढून मींडेसारखा सूर चढवायला गेलं की तार शेजारच्या फ्रेटला टेकते आणि सूर गुदमरतो. जुन्या वादकांनी ते सहन केलं, म्हणून आम्हीही करतो.

मूळ स्ट्रॅटोकास्टरवर तीन पिकअप होते आणि स्विचच्या जागाही तीन, एका वेळी एक पिकअप. वादकांना लवकरच कळलं की स्विच दोन जागांच्या मधोमध अडकवला तर दोन पिकअप एकदम वाजतात आणि पोकळ, काचेसारखा आवाज येतो. तो आवाज फेंडरच्या आराखड्यात नव्हता. तो वाजवणाऱ्यांनी शोधला, आगपेटीची काडी खुपसून किंवा बोटाच्या अंदाजाने स्विच मध्येच रोखून. १९७७ मध्ये कंपनीने पाच जागांचा स्विच देऊन त्याला मान्यता दिली. अमेरिकन रीइश्यूमध्ये पुन्हा तीन जागांचाच स्विच बसवला, पण पाच जागांचा एक सुटा पेटीत ठेवून दिला. इतिहास गिटारवर आणि उपयोग पेटीत.

माझी गिटार मी वापरलेली घेतली. आधीच्या मालकाने शुद्धतेच्या हौसेने तिला तीन जागांचा स्विच लावून घेतला होता. काही महिने मी तो अधांतरी रोखायचा सराव केला, नंतर पाच जागांचा बसवला. एका मित्राने याला इतिहासाशी बेइमानी म्हटलं. मला तसं वाटत नाही. फेंडरने मान स्क्रूंनी बसवली ती काढता यावी म्हणून. त्याच्या कामाशी इमान राखायचं तर गरज पडेल तेव्हा ती गिटार उघडली पाहिजे. सालाशी इमान आणि कारागिराशी इमान या दोन गोष्टी नेहमी एकाच बाजूला नसतात.

बाजारही शुद्धतेबद्दल बोलतो तितका ठाम नाही. क्लॅप्टनची ती तीन गिटारींतून जोडलेली 'ब्लॅकी' २००४ च्या लिलावात ९,५९,५०० डॉलरला गेली. डेव्हिड गिलमोरची काळी स्ट्रॅटोकास्टर सीबीएसच्या काळातली. तिच्या माना बदलल्या, भोकं पाडली, स्विच वाढवले. २०१९ मध्ये तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. वुडस्टॉकला जिमी हेंड्रिक्सने वाजवलेली पांढरी स्ट्रॅटोकास्टरही १९६८ ची, म्हणजे तज्ज्ञांनी नाकं मुरडलेल्या काळातली. अनामिक गिटारची किंमत तिला कुणी हात लावला नाही म्हणून वाढते, आणि नामांकित गिटारची कुणी लावला म्हणून. १९९५ पासून फेंडर नव्या गिटारींवर झीज, पोपडे आणि गंज मुद्दाम चढवून विकते. त्या उत्तम वाजतात, पण न वाजवलेल्या रात्रींच्या खुणा अंगावर वागवणं मला जमत नाही.

गिटार चालू केली की आधी येते ती गुणगुण. एकेरी वेटोळ्यांचे हे पिकअप घरातल्या विजेचं कंपन टिपतात. अमेरिकेत ते सेकंदाला ६० आवर्तनांचं, आपल्याकडे ५०. साठाला पन्नासने भागलं की सहास पाच हे प्रमाण येतं. म्हणजे आपल्या घरातली गुणगुण षड्ज धरली, तर फुलर्टनच्या कारखान्यात ऐकू येई तो कोमल गंधार. कितीही बरहुकूम नक्कल असली तरी ती जिथे वाजते तिथला सूर तिला धरावा लागतो.

माझ्या गिटारमध्ये आपल्या जवळचं आणखी एक आहे. फेंडरने १९५९ पासून स्ट्रॅटोकास्टरच्या मानेवर ब्राझीलच्या शिसवाची पट्टी लावली. पुढे ते झाड दुर्मीळ झालं आणि १९९२ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली. त्याची जागा मुख्यतः भारतीय शिसवाने घेतली. पश्चिम घाटात वाढणारा हा शिसव आपल्या जुन्या घरांतले देव्हारे, पलंग आणि झोपाळे ज्याचे असत तोच. २०१७ पासून शिसवाच्या सगळ्या जातींना परवान्याची अट लागली आणि काही गिटारींवर दुसरंच लाकूड येऊ लागलं. तयार वाद्यांना सूट मिळाली ती २०१९ च्या अखेरीस. माझ्या गिटारची पट्टी भारतीय शिसवाची आहे. इथलं लाकूड जपानात जाऊन अमेरिकन मापाने कापलं गेलं आणि पुन्हा इथे आलं. शुद्धतावाद्यांच्या हिशेबात ही उणीव धरतात, कारण १९६२ चं लाकूड हे नव्हतं.

पहिल्या तीन फ्रेटांवर आता तारांचे खड्डे पडले आहेत. ते माझ्या वाजवण्याचे आहेत. पुढच्या वर्षी फ्रेट बदलावे लागतील, त्या वेळी मी थोडे उंच घेणार आहे, म्हणजे ओढलेला सूर गुदमरणार नाही. त्या दिवशी ती १९६२ पासून आणखी एक पाऊल दूर जाईल. मान काढायला चार स्क्रू आहेत, ते बरहुकूम आहेत.