कॅन्सस सिटीचं भाडं

‘तुझ्या क्षेत्राचा इतिहास लिही,’ असं स्मरणिकेच्या मंडळींनी सांगितलं. फॅमिली डॉक्टरला कसला आलाय इतिहास, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. तो समजला दुसऱ्याच्या पैशांनी केलेल्या एका प्रवासात.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जो तो स्पेशालिस्ट होऊ लागला आणि साधा जनरल प्रॅक्टिशनर मागे पडला. आपल्याकडे ‘नुसता एमबीबीएस’ म्हणतात ना, तसंच. १९४७ साली या डॉक्टरांनी आपली संघटना काढली. सभासदाने दर तीन वर्षांत १५० तास शिक्षण घ्यायचं, ही तिची अट. म्हणजे संमेलनाला जाणं ही त्यांच्या लेखी चैन नव्हतीच. ८ फेब्रुवारी १९६९ रोजी ‘फॅमिली प्रॅक्टिस’ला विसावी विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली आणि सुरुवातीला १५ ठिकाणी प्रशिक्षण सुरू झालं. मुरलेल्या डॉक्टरलाही परीक्षेशिवाय प्रमाणपत्र नाही, आणि मिळालेलं प्रमाणपत्रही ठरावीक वर्षांनी पुन्हा परीक्षा देऊन टिकवायचं, असा दंडक केंटकीच्या निकोलस पिसाकानो यांच्या मंडळाने घातला. इतर शाखांना तो पुढे स्वीकारावा लागला, हे आम्ही जरा मिरवूनच सांगतो.

मान्यता मिळाली, पण मुलं कुठून आणायची? कॉलेजात शिकवणारे बहुतेक स्पेशालिस्ट. म्हणून विद्यार्थी आणि रेसिडेंट यांचं वेगळं संमेलन कॅन्सस सिटीत उन्हाळ्यात भरू लागलं. देशभरातले प्रशिक्षण विभाग तिथे टेबलं मांडून बसतात. मुलांची स्वतःची सभा होते, ठराव होतात आणि ते मूळ संघटनेपर्यंत जातात. पण विमानभाडं आणि हॉटेल कर्जात बुडालेल्या मुलाला कुठून परवडणार? ज्याच्याजवळ भाडं नाही, त्याचं म्हणणंही तिथे पोचत नाही. त्यासाठीच संघटनेच्या राज्य शाखा आणि १९५८ साली स्थापन झालेलं तिचं फाउंडेशन शिष्यवृत्त्या देत आले आहेत. रक्कम फार नसते, जाऊन येण्यापुरती.

रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी आमच्या प्रमुखांनी असाच एक अर्ज माझ्यापुढे ठेवला. मी ‘नको’ म्हणालो.

त्याचं कारण आपल्या आठवीच्या वर्गात आहे. जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला आपलं पाणी गाळायचं मॉडेल गेलं होतं, आठवतंय? माझं एसटीचं भाडं सरांनी गरीब विद्यार्थी निधीतून भरलं होतं. वर्गात मी सांगितलं, मुंबईच्या काकांनी मनीऑर्डर पाठवली. सर दारातच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली.

प्रमुखांनी दोनदा विचारल्यावर अर्ज भरला. संमेलनात शेजारी बसलेल्या मुलीने नाव सांगितलं, आणि त्याच दमात ‘मी शिष्यवृत्तीवर आलेय’ असंही. मग उठून, खेड्यातल्या दवाखान्यांसाठी मांडलेल्या ठरावावर ती पाच मिनिटं तावातावाने बोलली. कुणालाही तिचं भाडं कुणी भरलं याच्याशी देणंघेणं नव्हतं. दुपारी मीही हात वर केला. इंग्रजी अडखळलं, पण बोललो.

मुंबईत मला काका नाहीत, कधीच नव्हते. सर मेळाव्याला येणार आहेत असं कळलं. त्यांना हे ठाऊक आहेच, तुम्हाला आज सांगतोय.