कारखान्यातली भरती-ओहोटी

अमेरिकेत केंटकी राज्यात जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे घरगुती उपकरणांचे कारखाने होते. १९५०च्या दशकात तिथल्या व्यवस्थापकांना एक कोडे सुटत नव्हते. कधी तीन-चार पाळ्यांत काम चाले, तर काही वर्षांतच निम्म्या कामगारांना घरी बसावे लागे. दोष बाजारातल्या तेजी-मंदीला दिला जाई, पण तेवढ्याने उलगडा होईना.

हे कोडे जे फॉरेस्टर यांच्या कानावर आले. ते मूळचे विद्युत अभियंते. १९५६ साली ते एमआयटीच्या व्यवस्थापन विभागात आले होते. माल कसा साठवतात, माणसे केव्हा घेतात, हे त्यांनी विचारून घेतले आणि वहीच्या पानावर रकाने आखून हिशोब मांडला. बाहेरून येणारी मागणी स्थिर धरली, तरी चढउतार होतच राहिले!

असे का व्हावे? एक सोपे उदाहरण घेऊ. दुकानात आठवड्याला ४ यंत्रे खपतात. दुकानदार आणि घाऊक व्यापारी दोघेही दोन आठवड्यांचा साठा, म्हणजे ८ यंत्रे, बाळगतात. एका आठवड्यात ५ खपली. दुकानदाराकडे ३ उरली. आता त्याला १० हवीत, म्हणून तो ७ मागवतो. व्यापाऱ्याकडे उरते १. त्याला वाटते, मागणी ७ झाली. साठा १४ हवा. तो कारखान्याकडून १३ मागवतो. पुढच्या आठवड्यातही दुकानात ५च खपतात, दुकानदार ५च मागवतो आणि व्यापारी कारखान्याला कळवतो, 'आता १ पुरे.' गिऱ्हाइकांची मागणी एकाने वाढली. कारखान्याने मात्र ४, १३, १ असे आकडे पाहिले. यात मूर्ख कोणीच नव्हते. प्रत्येकाला फक्त शेजारचा दिसत होता.

फॉरेस्टर यांनी हे १९५८ साली लेखातून आणि १९६१ साली पुस्तकातून मांडले. १९९७ साली हाऊ ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी कारणे दाखवली : एकदम मोठी मागणी नोंदवणे, सवलतींमुळे होणारी जास्तीची खरेदी, टंचाईच्या भीतीने फुगवलेली मागणी. उपाय त्यातूनच निघतो : दुकानातला खरा खप साखळीतल्या सर्वांना कळावा आणि माल पोचायला लागणारा वेळ कमी व्हावा.

एमआयटीत यावर एक खेळही तयार झाला. चार मुले आणि चिठ्ठ्या घेऊन तो वर्गात खेळून पाहा. आधी बोलायला मनाई करा, मग खपाचा आकडा फळ्यावर लिहा. एरवी 'चूक तुझी' म्हणून भांडणारी मुले चूक माणसात शोधायची की रचनेत, हा प्रश्न स्वतःच विचारू लागतील.