रस्त्यावरची शिरगणती

डिसेंबर २०१७च्या अखेरीस नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत बोरचा ‘बाजीराव’ वाघ मेला. वर्धा आणि नागपूर जिल्ह्यांत पसरलेला बोर व्याघ्र प्रकल्प गाभा क्षेत्रानं जेमतेम १३८ चौरस किलोमीटरचा, देशातल्या सर्वांत लहान प्रकल्पांपैकी एक. तिथले वाघ अंगावरच्या पट्ट्यांवरून ओळखले जातात, म्हणून एक गेला तरी बातमी होते.

त्याच रस्त्यांवर मसन्याऊद, रानमांजर, साळिंदर, घोणसही मरतात. त्यांची नोंद कोण ठेवतं? मी मूळचा वर्ध्याचा. कॉलेजात असताना नागपूरहून घरी येताना एसटीच्या खिडकीतून रस्त्याकडेला मेलेलं काही ना काही दिसायचंच. आता सुट्टीत येतो तेव्हा फारसं दिसत नाही. मला बरं वाटलं होतं. मग त्यामागचं गणित वाचलं आणि ते बरं वाटणं टिकलं नाही.

हे मोजणं शंभर वर्षं जुनं आहे. १९२४च्या उन्हाळ्यात डेटन स्टोनर हे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ पत्नीसोबत आयोवा राज्यात मोटारीनं प्रवास करत होते. जाऊन-येऊन ६३२ मैलांत त्यांनी मेलेले प्राणी मोजले: २९ जातींचे २२५. पुढच्या वर्षी ही नोंद ‘सायन्स’मध्ये छापून आली. मोटारगाडी हे प्राण्यांच्या मृत्यूचं मोठं कारण आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

पण मेलेल्यांवरून जिवंत किती, हे कळतं का? रस्त्यावर दिसणारा आकडा चार गोष्टींवर ठरतो: प्राणी किती आहेत, ते रस्ता किती वेळा ओलांडतात, गाड्या किती आणि कशा धावतात, आणि मेलेला प्राणी आपल्या नजरेस पडतो का. चौथी गोष्ट फसवी आहे. लहानसा प्राणी रात्री मेला तर उजाडेपर्यंत कुत्र्या-कावळ्यांनी साफ केलेला असतो. आमच्या धंद्यातही असंच होतं. लॉगमधल्या एरर कमी झाल्या की आधी विचारायचं: सॉफ्टवेअर सुधारलं, की वापरणारेच निघून गेले?

एकच आकडा किती वेगळ्या गोष्टी सांगू शकतो, ते नेब्रास्कात दिसलं. चार्ल्स ब्राउन आणि मेरी बॉम्बर्गर ब्राउन यांनी १९८२पासून तीस वर्षं पुलांखाली घरटी करणाऱ्या भिंगऱ्यांचा अभ्यास केला. सुरुवातीला गाड्यांना धडकून हंगामात वीसेक पक्षी मरायचे, शेवटी पाचापेक्षा कमी. पक्षी संपत आले होते का? उलट, त्यांची संख्या वाढली होती. मेलेल्या पक्ष्यांचे पंख बाकीच्यांपेक्षा लांब निघाले. आखूड पंखांनी झटकन वळता येतं, त्यामुळे तसे पक्षी तगले असावेत, असा त्यांचा अंदाज होता.

ही चांगली बातमी. वाईट बातमीही अशीच दिसते. वाहतूक फार वाढली की कित्येक प्राणी रस्त्याकडे फिरकतच नाहीत. मृत्यू कमी होतात, पण जंगलाचे दोन तुकडे पडतात. आणि प्राणीच उरले नाहीत तर रस्ता अगदी स्वच्छ दिसतो.

म्हणून जिवंतांची मोजणीही लागते. पेंचमधून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४वर प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतला आहे. २०१९मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत तिथून जाणाऱ्या १८ जाती टिपल्या गेल्या. त्यात ११ वाघ होते, आणि ते मिळून ८९ वेळा गेले. तिथं मृत्यू घटले तर त्याचा अर्थ लावता येईल.

११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तो आपल्या जिल्ह्यातून जातो. उद्या कुणी म्हणेल, ‘रोही आता गाडीखाली येत नाहीत.’ तेव्हा विचारायला हवं, शेतात तरी येतात का? वाघासाठी कॅमेरे आहेत. मसन्याऊदासाठी बहुधा रस्ता हेच एक रजिस्टर, आणि ते आपण भरलेलंच नाही.

मी आता एक साधी शीट ठेवतो: तारीख, वेळ, कुठून कुठपर्यंत, काय दिसलं. सेलू ते वर्धा, दर वेळी तोच पट्टा. काही दिसलं नाही त्या दिवशीही शून्य लिहितो. गेल्या फेरीत शून्यच होतं.