भिक्षापात्र आणि स्वामित्वहक्क

नालासोपाऱ्याच्या 'बुरूड राजाचा कोट' या टेकाडाचे उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये केले. तो प्राचीन स्तूप निघाला. त्याच्या गर्भातील पेटीत मिळालेले मातीच्या पात्राचे बारीक तुकडे बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असे पंडितजींचे मत होते. ते ग्राह्य धरले नाही तरी त्यातून एक प्रश्न उभा राहतो. भिक्षापात्रात पडते ते दिलेलेच असते. मग शब्द 'दिलेला' केव्हा ठरतो?

दुसरे शील चोरीसाठी 'अदिन्नादान' हा शब्द योजते : न दिलेले घेणे. विनयपिटकात चोरीचा निर्णय करताना वस्तू तिच्या जागेवरून हलविली की नाही, हे पाहिले जाते. नक्कल केल्याने मूळ ग्रंथ जागेवरून हलत नाही. तेव्हा परवानगीवाचून छापणे ही चोरी नव्हेच, असा युक्तिवाद संभवतो. आम्हांला तो अपुरा वाटतो. लेखकाने वा वारसांनी कायद्याने राखून ठेवलेले 'दिलेले' म्हणता येणार नाही.

परंतु हा हक्क संपल्यावर काय? येथे सोपाऱ्याचाच एक भिक्षू मार्ग दाखवितो. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपाऱ्याच्या सातिमित या भाणकाच्या दानाचा लेख आहे. भाणक म्हणजे बुद्धवचने मुखोद्गत करून पठण करणारा. वचने बुद्धाच्याच नावाने पुढे गेली. सातिमिताचे नाव राहिले ते त्याने दिलेल्या स्तंभावर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय कायद्यानुसार मरणोत्तर प्रकाशित ग्रंथावरील हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. त्यामुळे २०१७ अखेर तो संपला आणि मूळ इंग्रजी ग्रंथ छापण्यास सर्व मोकळे झाले. दुसऱ्या शीलाची अडचण मिटली. चौथ्या शीलाची, म्हणजे 'मुसावादा'ची, मिटली नाही. परिच्छेद गाळून आवृत्तीला 'संपूर्ण' म्हणणे, पदरची वाक्ये बाबासाहेबांच्या नावावर खपविणे, हे कायद्याची मुदत संपली म्हणून निर्दोष होत नाही.

आपण अध्यापक ज्याला 'वाङ्मयचौर्य' म्हणतो, त्याचाही विचार असाच करावयास हवा. प्रबंधात दुसऱ्याचा परिच्छेद घेणाऱ्या विद्यार्थ्याने मूळ लेखकाचे शब्द हिरावलेले नसतात. ते आपले असल्याचे तो खोटे सांगत असतो. दोष चौर्यापेक्षा असत्याचा अधिक आहे. विद्यार्थ्यांना दंडाची भीती घालण्यापूर्वी हा भेद समजावून देणे, हे आमच्या मते आपले पहिले कर्तव्य ठरते.