तळून उरलेलं तेल जायचं कुठे?

कारध्याहून आम्ही गटातल्या बाया बोलतो आहोत. आज ज्याची गोष्ट सांगायची आहे, त्याचा इतिहास कोणी लिहून ठेवत नाही. पोळ्याच्या करंज्या झाल्या, दिवाळीचे अनारसे झाले, की कढईच्या बुडाशी काळपट तेल उरतं. त्याची ही गोष्ट. ते जातं कुठे? बहुतेक घरी उत्तर एकच, मोरीत. आमच्या आज्यांच्या घरी ते मोरीत जात नव्हतं. का जात नव्हतं, ते शोधायला बसलो तर आपल्या चुलीचा आणि मोरीचाच इतिहास हाती लागला.

आपल्याकडे धान उभं असतानाच बांधीतल्या ओलीवर लाखोळी आणि जवस फेकून पेरतात. हा उतेरा तुम्हाला समजावून सांगायला नको. तो जवस घाण्यावर जायचा, तेल घरी यायचं, ढेप जनावरांना. जंगलाकडच्या गावांत मोहाच्या बिया वेचून, फोडून, वाळवून टोळीचं तेल काढायचे. म्हणजे तेल यायचं ते बायांच्या कंबरेतून आणि बोटांतून. असं तेल कोणी गंजभर ओतून तळत नाही. तळण सणावाराला, तेही लहान कढईत, दोन-चार वडे सुटतील एवढ्या तेलात. उरलेलं दुसऱ्या दिवशी भाजीला. अगदीच करपलेलं असलं तर बंडीच्या आसाला, दाराच्या बिजागरीला, नाही तर नांगराच्या लाकडाला. जवसाच्या तेलाचा एक गुण आहे, ते हवेत सुकून पापुद्रा धरतं. रंग बनवणारे ते त्यासाठीच वापरतात, आणि लाकडालाही ते त्याचसाठी लावायचं. (याच गुणाचा एक धोका आहे. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावीत.)

एवढं करूनही कढईला जो ओशटपणा राहायचा, त्याला राख होती. यावर आम्ही जरा जास्त बोलणार आहोत.

भंडारा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला. ती भांडी आपण पिढ्यान् पिढ्या राखेने घासली. तेलकट कढईत मूठभर राख टाकायची, ती तेल पिऊन घ्यायची, मग नारळाच्या शेंडीने नाही तर पेंढ्याच्या बोळ्याने घासायचं. यात नुसतं घासणं नव्हतं. लाकडाच्या राखेत क्षार असतो. क्षार आणि तेल एकत्र आले की थोडा साबण तयार होतो. जगात साबण मुळात याच मार्गाने आला, राखेचं पाणी आणि चरबी. म्हणजे आमची आजी रोज संध्याकाळी अंगणात बसून थोडाथोडा साबण बनवत होती. तिला ते कोणी सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. तेल प्यालेली ती राख मग उकिरड्यावर जायची, उकिरडा शेतात जायचा. जिथून जवस आला तिथेच तेल परत.

ही साखळी एका दिवसात तुटली नाही. १९३४ साली गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला. तिथे मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी बैलाचा घाणा सुधारायचं काम केलं, गावचं तेल गावातच निघावं म्हणून. तीनच वर्षांनी, १९३७ मध्ये, डालडा बाजारात आला. घाण्याचं तेल हरलं कशाने, यावर आमच्या गटात वाद आहे. आमच्यातल्या वयाने मोठ्या बाया म्हणतात, चवीने नाही, डब्याने हरलं. डालडाचा रिकामा डबा घरात दहा कामांना यायचा!

पुढे रेशनवर पामतेल आलं. १९८६ मध्ये सरकारने तेलबियांचं मिशन काढलं, पण १९९४ मध्ये बाहेरच्या पामतेलासाठी दार उघडलं, आणि आज देशाला लागणारं अर्ध्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. १९९८ मध्ये दिल्लीकडे मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं, अंगावर सूज येऊन माणसं दगावली. त्यानंतर खाद्यतेल बंद पाकिटात विकायचा आदेश निघाला. पाकीट कापायचं, कढईत ओतायचं. तळण सणापुरतं उरलं नाही. आणि २०१६ पासून उज्ज्वलाचा गॅस घरोघरी आला. गॅसने आमचे डोळे आणि छाती वाचवली, त्याबद्दल तक्रार नाही. पण गॅसची राख होत नाही. तेल वाढलं आणि नेमकं तेव्हाच तेल पिणारी राख घरातून गेली. उरला भांड्याचा साबण आणि मोरी.

मोरीत ओतलेलं तेल दिसेनासं होतं, पण संपत नाही. आमच्यातल्या एकीच्या घरचा शोषखड्डा गेल्या पावसाळ्यात तुंबला. आम्ही चौघींनी मिळून उपसला. मधल्या माठाची भोकं पांढऱ्या, चिकट, साबणाच्या वडीसारख्या थराने बुजलेली होती. बाजूचे दगडही तसेच. पाणी मुरणार कुठून? लंडनमध्ये २०१७ साली अशाच थराचा गोळा गटारात सापडला, सुमारे अडीचशे मीटर लांब आणि १३० टन वजनाचा. चरबी, तेल आणि फेकलेली फडकी-पुसणी यांचा. आपला माठ लहान, एवढाच फरक.

ज्यांच्याकडे शोषखड्डा नाही त्यांची मोरी नालीत, आणि नाली वैनगंगेत. गोसीखुर्दच्या धरणाचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं. आता त्याचं पाणी भंडाऱ्यापर्यंत फुगून येतं, नदी पूर्वीसारखी वाहत नाही. खाली आंभोऱ्याला कन्हान येऊन मिळते, ती नागपूरच्या नाग नदीची घाण घेऊन. आपण नागपूरकरांच्या नावाने बोटं मोडतो ते खरंच आहे. पण पाण्यावर तेलाचा तवंग आला की हवा आत जात नाही, मासळी गुदमरते, आणि तो तवंग नागपूरचा की कारध्याचा हे मासळीला कळत नाही.

आता आमची चूक सांगतो. मागे एका मंडईत गटाने आलूबोंडे आणि भजे विकले. दिवसभर एकच कढई तापती ठेवली, तेल कमी झालं की वरून नवं ओतत गेलो. संध्याकाळी आठ-नऊ लिटर काळं, फेसाळ तेल उरलं. एक गाडीवाला म्हणाला, अर्ध्या भावात द्या. आम्ही दिलं. हिशोबाच्या वहीत ती जमा अजून आहे. दोन दिवसांनी त्याच गाडीवर आमच्यातल्या तिघींची पोरं समोसे खाताना दिसली. त्या दिवशी कोणी काही बोललं नाही. पुढच्या बैठकीत मात्र दोन तास बोललो.

पुन्हा पुन्हा तापलेल्या तेलात काय होतं याचं माप सरकारने ठरवलं आहे. अशा तेलात खराब झालेले घटक शेकडा २५ च्या वर गेले की ते तेल खायला वापरायचं नाही, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. रोज ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आहे. त्याच वर्षी १० ऑगस्टला, जैवइंधन दिवशी, वापरलेलं तेल गोळा करून त्याचं डिझेल बनवायची मोहीम सुरू झाली. आपल्याकडे मापायचं यंत्र नाही. पण काळा रंग, फेस, चिकटपणा, लवकर सुटणारा धूर आणि घशाला लागणारा वास, एवढं नाकाडोळ्यांना कळतं.

घरासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा सल्ला असा आहे: एकदा तळलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजीत संपवा, पुन्हा तळायला घेऊ नका. टाकायचंच असेल तर वाळूसारख्या शोषून घेणाऱ्या वस्तूत मिसळून टाका. हे वाचल्यावर आमच्यातली एक म्हातारी हसली. म्हणाली, वाळू कशाला, राख म्हणा ना!

टाकाऊ तेलाला किंमत असते हेही जुनंच आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, अमेरिकेत बायांना सांगितलं गेलं की तव्यातली चरबी गाळून डब्यात साठवा आणि खाटकाच्या दुकानात द्या. तिच्यातून ग्लिसरीन निघे आणि ग्लिसरीनपासून स्फोटकं. पुढे त्याचे पैसे आणि रेशनचे जादा गुणही मिळू लागले. आपल्या शेजारी जवाहरनगरला आयुध निर्माणी असल्याने ग्लिसरीन आणि दारूगोळ्याचं नातं आम्हाला फार लांबचं वाटलं नाही. बायांच्या कढईचा असाही उपयोग झाला. तो चांगला की वाईट, यावर आमचं एकमत नाही.

आम्ही आता असं करतो. तळण लहान कढईत. तेल पूर्ण निवलं की फडक्यातून गाळायचं. भाजीत जाण्यासारखं असेल ते भाजीत. खराब असेल ते राईस मिलच्या भुशात नाही तर ज्यांच्या घरी चूल आहे त्यांच्याकडच्या राखेत कालवून, भरपूर मातीत मिसळून, घरापासून आणि आगीपासून लांब खड्ड्यात. एका जागी जास्त नाही, कारण माती तेलकट झाली तर पाणी धरत नाही. भांडी धुण्याआधी कागदाने किंवा राखेने पुसून घ्यायची. या तेलाचा कॉस्टिक सोडा घालून साबणही होतो, पण कॉस्टिक कातडी आणि डोळे जाळतं. शिकवणारं कोणी समोर असल्याशिवाय आम्ही त्याला हात लावणार नाही, तुम्हीही लावू नका.

यंदाच्या मंडईत तळणाचे दोनच पदार्थ ठेवले, बाकी तर्रीपोहे. चार लिटरच्या आसपास तेल उरलं. तो गाडीवाला पुन्हा आला. आम्ही नाही म्हटलं. तो म्हणाला, मग ठेवून करता काय? त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. डिझेलसाठी तेल नेणारी गाडी आमच्या गावात अजून कोणी पाहिलेली नाही. भंडाऱ्याच्या हॉटेलांतून कोणी नेत असेल तर आसपासच्या पाच-सहा गटांनी मिळून एका जागी तेल जमा करता येईल, याची चौकशी आम्ही चालवली आहे. तुमच्या गावात अशी गाडी येत असेल तर रेडिओ केंद्रावर निरोप द्या. तोवर ते चार लिटर पत्र्याच्या डब्यात, झाकण लावून, गटाच्या खोलीत आहे. डब्यावर लाल रंगाने लिहिलं आहे, खायचं नाही.