आया, मावशी, आई

विधुर बाप आणि त्याचे मूल सांभाळणारी स्त्री यांच्यातील अनुराग कथा-कादंबऱ्यांतून आपल्या परिचयाचा आहे. इतिहासाचा विषय म्हणून मात्र त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. शार्लट ब्राँटीची 'जेन आयर' ही कादंबरी १८४७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यातील नायिका एका धनिकाच्या घरी त्याच्या पालनातील मुलीला शिकवायला येते आणि शेवटी त्या घराची गृहिणी होते. ऑस्ट्रियातील विधुर नौदल अधिकारी गेऑर्ग फॉन ट्रॅप याच्या मुलीला शिकवायला आलेल्या मारियाचा त्याच्याशी विवाह झाला, तो १९२७ साली. त्यावरचा १९६५ सालचा चित्रपट आपल्याकडच्याही कित्येकांनी पाहिला आहे. असे काही पेडणे, डिचोली यांसारख्या गोव्याच्या लहान गावांत घडत नव्हते काय, आणि घडत असेल तर त्याचा मागमूस कोठे शोधायचा, हा प्रश्न आम्हाला या लेखात मांडायचा आहे.

शोधाला सुरुवात शब्दांपासून करावी लागते, कारण अशा घरांनी कागद मागे ठेवले नाहीत, शब्द तेवढे ठेवले. मूल सांभाळणाऱ्या पगारी बाईला आपण 'आया' म्हणतो. हा शब्द पोर्तुगीज आहे. मराठीप्रमाणेच हिंदीत आणि भारतातल्या इंग्रजीतही तो रुजला. विशेष असे की 'पगार' हा शब्दही पोर्तुगीजच. म्हणजे मूल सांभाळण्याचे काम मोबदल्याने करणारी बाई आणि तिचा मोबदला, या दोहोंची नावे आपण एकाच भाषेतून घेतली. 'मावशी' हा शब्द मात्र आपला जुना, संस्कृत 'मातृष्वसा'पासून चालत आलेला. घरात बाई रुळली, मुलाला तिचा लळा लागला, की तिला आया म्हणणे कोणाच्या जिवावर येते. ती 'मावशी' होते. या नामांतरात प्रेम आहे यात शंका नाही. पण पुष्कळ घरांत हाक बदलली आणि पगाराचे बोलणेही थांबले, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. मावशीला पगार कसा विचारायचा?

'माय मरो पण मावशी उरो' ही म्हण आपण सहज वापरतो. तिच्यात आईच्या बहिणीच्या मायेचे कौतुक आहे, तसाच एक जुना कुटुंबव्यवहारही आहे. पत्नी वारली की तिच्या अविवाहित धाकट्या बहिणीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे होती. मूळच्या मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांनी पहिली पत्नी नर्मदा वारल्यावर तिचीच बहीण शेवंती हिच्याशी विवाह केला, हे सर्वश्रुत आहे. नात्यांतल्या या बहिणपणाला आमच्या भागात दैवतांचाही आधार आहे. डिचोली तालुक्यातल्या शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया आणि पेडण्यातल्या मोरजीची मोरजाई या बहिणी मानल्या जातात. जिथे गावच्या देवीसुद्धा एकमेकींच्या मुलाबाळांच्या मावश्या ठरतात, तिथे परक्या बाईला मावशी म्हणणे हा केवळ शिष्टाचार उरत नाही. त्या हाकेने तिला घरात जागा मिळते.

पण ही जागा कोणत्या प्रकारची? येथे कायद्याकडे वळावे लागते. पेडणे आणि डिचोली हे दोन्ही तालुके नव्या काबिजादीतले. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत ते पोर्तुगीजांच्या ताब्यात आले. जुन्या काबिजादीतील धर्मांतराचा जोर तोवर ओसरला होता, आणि येथील हिंदूंच्या रूढी-रिवाजांना हात लावायचा नाही असे धोरण राज्यकर्त्यांनी स्वीकारले. पोर्तुगालची १८६७ सालची नागरी संहिता १८७० साली गोव्यात लागू झाली, तेव्हाही हे धोरण सुटले नाही. १६ डिसेंबर १८८० च्या फर्मानाने गोव्यातील हिंदूंचे काही रिवाज राखून ठेवले.

या फर्मानातील एक तरतूद आमच्या विषयाला भिडते. पत्नी हयात असताना हिंदू पुरुषाला दुसरे लग्न केव्हा करता येईल, हे तिच्यात सांगितले आहे. पत्नीला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत मूलच झाले नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, ही त्यातील दोन मुख्य कारणे. दुसऱ्या लग्नाचा विचार कायद्याने कोणत्या अंगाने केला, हे यावरून स्पष्ट होते. वंश चालविण्यासाठी बायको हवी हे त्याला समजत होते. जन्मलेल्या मुलाला न्हाऊमाखू घालण्यासाठी, रात्री उशाशी बसण्यासाठी कोणी हवे, ही गरज मात्र त्याच्या लेखी घरगुती बाब होती. ती गरज भागविणाऱ्या स्त्रीचा त्यात उल्लेख असण्याचे कारणच नव्हते.

रूढीची बाजू आणखी कठीण. विधुराला मराठीत 'बिजवर' हा शब्द आहे. तो थोडा उपहासाने वापरला जात असला तरी त्या शब्दात वर आहे, लग्नाची वाट मोकळी आहे. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदा' नाटकाने म्हाताऱ्या बिजवराची यथेच्छ टर उडविली. तरी बिजवराला मुलगी मिळणे थांबले नाही. मूल सांभाळायला येणारी बाई बहुधा विधवाच असे, कारण दुसऱ्याच्या घरी राहून काम करण्याची पाळी तिच्यावरच येई. कोकण-महाराष्ट्रातील अनेक कष्टकरी जातींत पाट किंवा मोहोतूर लावून अशा बाईचे लग्न होऊ शके. ज्या घरांतून असे मूल सांभाळायला बाई ठेवली जाई, त्या उच्चवर्णीय घरांत मात्र विधवेचा पुनर्विवाह निषिद्ध होता. तेरेखोल नदीपलीकडच्या वेंगुर्ले तालुक्यात ब्रिटिशांचा १८५६ सालचा विधवाविवाहाचा कायदा होता. पण कायद्याने परवानगी दिली म्हणून भटजी आणि भाऊबंद दारात उभे राहिले असे झाले नाही.

ते किती अवघड होते, हे दाखविणारे लिखित उदाहरण कोकणातले आहे. मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांची पत्नी राधाबाई १८९१ साली वारली. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी पुण्यात विवाह केला, आणि मुरुडकरांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. गोदूबाई कर्व्यांच्या घरी मूल सांभाळायला आलेल्या नव्हत्या, त्या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होत्या. आमच्या मते नेमका हाच भेद महत्त्वाचा आहे. लग्नाला नकार दिला असता तर त्यांच्यापुढे शाळा होती. पुढे त्यांनी 'माझे पुराण' लिहिले, म्हणून दुसरेपणाच्या बायकोची बाजू तिच्याच शब्दांत आपल्याला वाचायला मिळते. पेडण्याच्या एखाद्या वाड्यातील मावशीला ना शाळा होती, ना लेखणी.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. ज्या बाईला परत जायला घर नाही, जिच्या जेवणाखाण्याचा धनी समोरचा पुरुष आहे, तिच्या आणि त्याच्या संबंधाला प्रेम म्हणावे काय? ही तर विधुराची सोय. आम्हाला हा आक्षेप झटकता येत नाही. पगारी आयेची स्थितीही काही निर्धोक नव्हती. साहेबांच्या कुटुंबांबरोबर बोटीने विलायतेला गेलेल्या आयांना तेथे पोचल्यावर वाऱ्यावर सोडून दिल्याची उदाहरणे इतकी होती की लंडनमध्ये त्यांच्यासाठी खास आश्रयगृह चालवावे लागले. हॅकनी भागातील त्या वास्तूवर २०२२ साली स्मृतिफलक बसविण्यात आला. पण सोय होती म्हणून जिव्हाळा नव्हताच, असेही म्हणवत नाही. एकाच मुलाच्या आजारपणात दोघांनी रात्री काढल्या, तर त्यातून काय जुळते हे बाहेरून ठरविणारे आपण कोण? फरक करायचा असेल तर एकच कसोटी उरते: त्या स्त्रीला हो किंवा नाही म्हणण्याची जागा होती काय?

या कसोटीवर गोव्याच्या व्यवस्थेतील दोन गोष्टी नोंदण्यासारख्या आहेत. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले आणि विवाहाच्या नागरी नोंदणीला जोर मिळाला. पुढे गोव्यातही तालुक्या-तालुक्याच्या कचेरीत वधूवरांनी स्वतः हजर होऊन सही करण्याची रीत पडली. दुसरी गोष्ट संपत्तीची. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल तर नागरी संहितेप्रमाणे पतिपत्नी एकमेकांच्या मालमत्तेत निम्म्याचे वाटेकरी होतात. विवाहापूर्वी झालेल्या अपत्याला आईबापांच्या नंतरच्या विवाहाने औरसपण मिळण्याची सोयही त्या संहितेत होती. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर हा कौटुंबिक कायदा पुढे चालू राहिला. म्हणजे मावशीची पत्नी झाली आणि कचेरीत नोंद झाली, तर ती घराची निम्मी धनी होई. नोंद झाली नाही, तर वीस वर्षे वाढविलेल्या मुलाच्या दारातही ती पाहुणी राही. दोन्ही घरांतली माया सारखी असेल. फरक एका सहीचा होता.

परकीयांच्या कायद्याचे हे गुणगान नव्हे. ज्याने पुत्र नाही म्हणून सवत आणण्याला मुभा दिली, तोच हा कायदा. शिवाय सहीपर्यंत पोचण्याचे धैर्य किती जणांना झाले असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. ज्या बिजवरांना गावाची भीड मोडवली नाही, त्यांच्या घरातली मावशी मावशीच राहिली. तिच्या नावाचा दस्तऐवज नाही. श्राद्धात तिचे पान नाही. मुलांच्या बोलण्यात ती आहे, आणि ती मुले गेली की तेथूनही ती जाईल.

आज मोपचा विमानतळ झाल्यापासून पेडण्याचे रूप बदलले आहे. डिचोलीने खाणी भरभराटताना पाहिल्या आणि २०१२ साली बंद पडतानाही पाहिल्या. नोकरी करणाऱ्या आईबापांच्या घरी मूल सांभाळायला पुन्हा बाई येते, आणि ओळख झाली की मूल तिला मावशीच म्हणते. ही हाक बदलावी असे आम्ही म्हणणार नाही. हाक मावशीची असावी आणि पगार महिन्याच्या महिन्याला द्यावा, या दोहोंत विरोध नाही. आणि कोणा विधुराच्या घरी यापुढे हे नाते वाढलेच, तर ते कचेरीतल्या वहीपर्यंत जावे.

मंडळाच्या सभासदांना एक विनंती करून थांबतो. आपापल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे की त्यांना कोणी न्हाऊमाखू घातले, कोणी वाढविले. मावशी म्हणून उत्तर आले तर पुढचा प्रश्न विचारावा: मावशीचे नाव काय होते? उत्तर मिळाल्यास ते लिहून ठेवावे.